शुक्रवारच्या मेणबत्त्या

ग्वाल्हेरातल्या कुठल्याही फॉर्मवर आमच्या घरमालक काकांसाठी रकाना नव्हता. दवाखान्याचा केसपेपर असो, बँकेचं खातं असो, समोरचा माणूस मान वर न करता विचारायचा, "धर्म?" काका म्हणायचे, "यहुदी." तो म्हणायचा, "ईसाई लिख दूँ?" की काका पेटलेच. "क्यों लिख दूँ? तुम्हारे नाम के आगे कुछ भी लिख दूँ, चलेगा?" एकदा तर त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, छापील रकान्यांच्या खाली पट्टी न लावता एक सरळ चौकोन आखला, त्यात स्वतःच्या हातानं 'यहुदी' लिहिलं, पुढे बरोबरची खूण केली आणि फॉर्म परत सरकवला. मागची रांग ओरडत होती. त्या रांगेत मीही होते, आणि शाळेत शिकवायला जायला उशीर होत असूनही मला त्यांचं म्हणणं पटत होतं.

तेव्हा मी त्यांच्या बाजूनं चिडायचे. आज त्यांच्यावर चिडून लिहिते आहे.

माधवगंजातल्या त्यांच्या घरात आम्ही बारा वर्षं भाड्यानं राहिलो. खाली आमच्या दोन खोल्या, वर त्यांच्या दोन. काका मूळचे कोकणातले, पेणजवळच्या एका गावचे. तरुणपणी बिर्लानगरातल्या गिरणीत इलेक्ट्रिशियन म्हणून आले आणि इथलेच झाले. त्यांच्यासारखी आणखी तीन-चार बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांची, कुटुंबं तेव्हा गिरणीत आणि रेल्वेत होती म्हणे. गिरणी बंद पडली, माणसं पांगली, कुणी ठाण्याला गेलं, कुणी थेट इस्राएलला. काका राहिले. का गेला नाहीत, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तिकडं जाऊन भांडू कुणाशी? त्यांची भाषा येत नाही मला."

भांडायला त्यांना मराठी लागायची, आणि तीही चोख. आमची पाळंमुळं साताऱ्याकडची. पूर्वज सरदारांच्या दफ्तरात कारकून होते, हे आमच्याकडे अजून जेवताना सांगतात. पण इतक्या पिढ्या हिंदीत मुरल्यावर भाषेचं लोणचं होणारच. मी जिन्यातून म्हणायचे, "काका, मी बाजारात चालून राहिले, काही आणू?" वरून आवाज यायचा, "मास्तरीणबाई, चालून राहिले म्हणजे काय? एक तर चाला, नाही तर राहा." मी शाळेत मराठी शिकवते, हे माहीत असून ते मुद्दाम जिन्यात सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचे. आणि एवढं शुद्ध मराठी बोलणाऱ्या या माणसाला आमचीच माणसं विचारायची, "आपको इतनी अच्छी मराठी कैसे आती है?" यावर काकांचं उत्तर इथं लिहिण्यासारखं नाही.

शुक्रवार हा त्यांच्या घरचा मोठा दिवस. सूर्य मावळायच्या आधी दोन मेणबत्त्या लावायच्या, की त्यांचा शब्बाथ सुरू झाला, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. त्या वेळात काम नाही, प्रवास नाही, नवा विस्तव नाही. हे मेणबत्त्या लावायचं काम घरच्या बाईचं. मी राहायला आले तेव्हा काकू होत्या. डोक्यावरून पदर घेऊन त्या दोन्ही मेणबत्त्या लावायच्या, उजेड हातांनी तीनदा स्वतःकडे ओढायच्या आणि डोळ्यांवर तळवे धरून पुटपुटायच्या. आम्ही आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी काकू गेल्या. त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी मी वर डबा घेऊन गेले तर काका डोक्यावर टोपी घालून मेणबत्त्यांसमोर उभे, आणि हुबेहूब तसेच हात फिरवत होते, बाईमाणसासारखे. मला भरून आलं. त्यांना ते दिसलं असावं, कारण लगेच खेकसले, "रडायचं कारण नाही. काम तिचंच आहे, मी बदलीवर आहे." गिरणीत कायमचा कामगार आला नाही की त्याच्या यंत्रावर बदली कामगार उभा करत. काकांनी स्वतःला तसं नेमून घेतलं होतं. म्हणाले, "प्रार्थनेला आमच्यात दहा पुरुष लागतात. ग्वाल्हेरात मी एकटा. दहा कुठून आणू? मेणबत्तीला एक माणूस पुरतो, म्हणून ही तेवढी चुकवायची नाही." त्यांनी ती चुकवली नाही. चिकनगुनियात उभं राहवत नव्हतं तेव्हा खुर्चीत बसून लावल्या. आपल्या हातून एकही शुक्रवार जाऊ नये, एवढं एकच त्या माणसाला हवं होतं. बाकी जगाशी त्यांचं नुसतं भांडण होतं.

मेणबत्त्या आणणं हेही भांडणच. दौलतगंजातला एक किराणावाला त्यांना बघितलं की पुडकंच पुढे करायचा. काका एकेक काढून काचेच्या काउंटरवर लोळवून बघणार. वाकडी लोळली की बाद, वात मधोमध नसली की बाद. "अंकल, बत्ती जाने पर ही तो जलानी है," तो म्हणायचा. "तुम्हारी बत्ती जाती होगी. मेरा शुक्रवार आता है." मग वेळेचं. आमच्या भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात सूर्यास्त मुंबईचा, त्यामुळे हिवाळ्यात अर्ध्या तासाचा फरक. काका दर गुरुवारी खाली येऊन आमच्या हिंदी पेपरातला ग्वाल्हेरचा सूर्यास्त उतरवून घ्यायचे, त्यातून अठरा मिनिटं वजा करायचे आणि जिन्यातल्या भिंतीवर पेन्सिलनं आकडा लिहायचे. पेपरवाल्यांवर विश्वास नव्हता, म्हणून बुधवारी गच्चीत उभं राहून स्वतःही मोजायचे.

शनिवारी दिव्याचं बटण दाबायचं नाही, हा आणखी एक ताप. उभा जन्म विजेत घालवलेला माणूस, पण शनिवारी पंखा बंद असला तर बंद. बरं, दुसऱ्याला 'लाव' असंही स्पष्ट सांगायचं नाही. मग ते जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन हवेत बोलायचे, "आज वाराच नाही." मी पोळ्या टाकून वर जायचे आणि पंखा लावून यायचे. कधी मला कामात कळायचं नाही, मग ते तासभर घामाघूम बसायचे आणि रविवारी मला ऐकवायचे. मी एकदा तडकलेच. म्हटलं, "काका, तोंड दिलंय ना देवानं? पंखा लाव म्हणायला काय जातं?" तर म्हणाले, "माझं काही जात नाही. त्याचं जातं," आणि बोट वर केलं. तिथं गच्ची होती आणि आमची वाळवणं होती.

त्यांच्या मेणबत्त्यांचे नियम मला पाठ होते, हे सांगण्यासाठी एक गोष्ट सांगते. एका शुक्रवारी संध्याकाळी वीज गेली. माझा नवरा वर गेला आणि टेबलावरची जळती मेणबत्ती शमादानातून उचलून फ्यूज बघायला निघाला. काका असे ओरडले की शेजारचे गॅलरीत आले. "ठेव ती." नवरा ठेवायला वळला. "थांब, हलवू नकोस." नवरा खांब होऊन उभा, अंगठ्यावर मेण गळतंय, आणि काका डोकं धरून विचार करतायत की ठेवणं जास्त वाईट की धरून राहणं. शेवटी मीच ती नवऱ्याच्या हातातून घेऊन जागेवर लावली. नंतर काकांनी आम्हा दोघांना समोर बसवून शाळेतल्यासारखं सांगितलं, "या उजेडात बसा, जेवा, गप्पा मारा. पण ती उचलायची नाही, तिच्यावर दुसरं काही पेटवायचं नाही आणि फुंकायची तर नाहीच. जळून संपेल तेव्हा संपेल." मी मान डोलावली होती.

आता मंडळाचं सांगते, म्हणजे माझ्या संतापाचं मूळ कळेल.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या मराठी मंडळानं तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून वस्तू मागवल्या. पानदानं आली, पगड्या आल्या, एकाच आजोबांच्या तीन तलवारी तीन घरांतून आल्या. मी मंडळाची सहसचिव. मला वाटलं, काकूंची पितळी शमादानं ठेवावीत. त्या मेणबत्त्या उभ्या करायच्या दोन वीतभर उंच बैठकी, पेणच्या तांबटानं काकूंच्या आजीच्या लग्नात घडवलेल्या. यापेक्षा मराठी वस्तू कोणती? काका नाही म्हणाले. मी चार दिवस मागे लागले. आमच्या लोकांना कळू दे तरी तुम्ही कोण ते, असं मी म्हटलं. शेवटी त्यांनी ती जुन्या धोतरात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "शुक्रवारी चारच्या आत घरी." उद्घाटन शुक्रवारी दोनला होतं. मी म्हटलं, चार कशाला, तीनलाच आणते.

काका दीडलाच हॉलवर आले आणि आधी त्यांनी चिठ्ठी वाचली. वस्तूंपुढच्या चिठ्ठ्या अध्यक्षांच्या सुनेनं लिहिल्या होत्या. काकांच्या वस्तूपुढे होतं, 'विदेशी शमादान.' काकांनी अध्यक्षांना बोलावून विचारलं, "पेण विदेशात कधी गेलं?"

अध्यक्ष हसले. "अहो काका, टेन्शन काय घेऊन राहिलात? तुम्ही लोक बाहेरूनच आलात ना मूळचे?"

"तुम्ही कुठून आलात? किल्ल्याच्या दगडातून निघालात?" काका म्हणाले. चिठ्ठी त्यांनी खिशात घातली.

दोन वाजले. पाहुणे, म्हणजे भोपाळचे कुणी मोठे अधिकारी, आले नाहीत. तीन वाजले, चार वाजले. पाहुणे निघालेत, पाहुणे पोचतायत, असे फोन. काका काचेच्या कपाटापाशी उभे होते. मी अध्यक्षांना म्हटलं, शमादानं काढून देऊ या. ते म्हणाले, "ताई, पाहुण्यांनी देखा ही नहीं आणि काढून टाकायचं? फीत कापू द्या ना." आणि मी, दहा वर्षं ज्यांच्या जिन्याखाली राहिले त्या माणसापाशी जाऊन म्हणाले, "काका, आजच्या दिवस ॲडजस्ट करा ना." हे वाक्य मला आजही तोंडात कडू लागतं.

काका घरी गेले. मला वाटलं, घरी एखाद्या ताटलीत लावतील. कशावरही लावलेली चालते, हे त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. पण पाचला ते परत आले. खिशात दोन मेणबत्त्या, हातात बाटलीत शब्बाथच्या प्रार्थनेला लागणारं किसमिसचं सरबत आणि फडक्यात दोन पोळ्या. कपाटापुढे उभे राहून म्हणाले, "तिच्या जागेवर लावायच्यात. घरी नेऊ देत नाही ना? इथं लावतो." अध्यक्षांना तर हे फारच आवडलं. फोटो छान येतील म्हणाले. त्यांनी स्वतः कपाट उघडलं आणि समईजवळच्या कोपऱ्यातल्या टेबलावर शमादानं ठेवून दिली. काकांनी टोपी घातली. लोक मोबाइल उंच करून उभे होते, कुणी 'एक मिनट अंकल, फिर से' म्हणालं. त्यांनी दोन्ही लावल्या, उजेड तीनदा ओढून घेतला आणि डोळ्यांवर हात धरले. बाहेर अजून उजेड होता. शुक्रवार सुटला नाही, म्हणून मीही सुटकेचा श्वास टाकला आणि कामाला लागले.

माझं काम म्हणजे समई. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात तेल, वाती, काडेपेटी आणि पाहुण्यांच्या हातात द्यायची मेणबत्ती, हे सगळं माझ्याकडे. आपल्याकडे पाहुणे काडीनं समई लावत नाहीत, त्यांना जळती मेणबत्ती द्यावी लागते. मी आणलेली मेणबत्ती 'आले आले' म्हणून दुपारपासून तीनदा पेटवली आणि विझवली होती. ती बोटाच्या पेराएवढी उरली होती. सहा वाजता एकदम गाड्यांचे आवाज, हारतुरे, पळापळ. पाहुणे थेट समईपुढे येऊन उभे. फोटोवाला ओरडला, अध्यक्ष ओरडले, "ताई, मेणबत्ती." मी माझा तुकडा पेटवला तर तो तेलात पडला.

डावीकडे, हाताच्या अंतरावर, सरळ वातीची, वाकडी न लोळणारी मेणबत्ती जळत होती. मी ती उचलली आणि पाहुण्यांच्या हातात दिली.

कुणाला खोटं वाटेल, पण त्या क्षणी माझ्या डोक्यात काकाही नव्हते आणि शुक्रवारही नव्हता. नुसता हात गेला. पाहुण्यांनी पहिली वात लावली, मेणबत्ती पुढच्याला दिली, त्यानं अध्यक्षांना, त्यांनी आणखी कुणाला. पाचवी वात लागल्यावर ती नेहमीसारखी माझ्या हातात परत आली आणि मी नेहमीसारखी फुंकर मारली. टाळ्या झाल्या. धुराचा वास आला तेव्हा मी वळून पाहिलं.

काका कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, रिकाम्या शमादानाकडे बघत होते. मी काडेपेटी उघडली. त्यांनी नको म्हणून मान हलवली. सूर्य गेला होता, आता नवा विस्तव नाही. मी जवळ जाऊन उभी राहिले, आता ओरडतील म्हणून. चालून राहिले म्हटलं तर गल्ली जमवणारा माणूस. ते हळू आवाजात म्हणाले, "बसून घ्या, मास्तरीणबाई. भाषण सुरू होतंय."

भाषण झालं. पाहुणे म्हणाले, दीप ही आपली साझी विरासत आहे, वगैरे. मग त्यांना कोपऱ्यात नेण्यात आलं. त्यांनी काकांना विचारलं, "आप इज़राइल से कब आए?" काका म्हणाले, "पाँच बजे, माधवगंज से, पैदल." अध्यक्षांच्या कानावर मेणबत्तीचं गेलं होतं. ते म्हणाले, "सॉरी हाँ काका, दुसरी मागवून देतो, पूर्ण पॅकेट मागवतो." पॅकेट म्हणे. मी त्या दिवशी सगळ्यांदेखत अध्यक्षांना काय काय बोलले ते मला धड आठवत नाही. सहसचिवपद तिथंच सोडलं एवढं आठवतं. पण खरं सांगायचं तर अध्यक्षांना बोलणं सोपं होतं. त्यांनी मेणबत्ती फुंकली नव्हती.

लोक गेले. काका उरलेल्या एका मेणबत्तीपुढे बसून होते. त्यांनी सरबतावर प्रार्थना म्हटली, पोळी मोडली, अर्धी मला दिली. चौकीदार किल्ल्या वाजवत आला. त्याच्याशी मी दारात उभी राहून भांडले, की ती आपोआप संपेपर्यंत हॉल बंद होणार नाही. आठाच्या सुमाराला ती संपली. शब्बाथात काही उचलून न्यायचं नसतं, म्हणून शमादानं मी कपाटात ठेवली आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. माधवगंजापर्यंत आम्ही चालत आलो. वाटेत मी रडत होते, तर रडायचं कारण नाही, असंही ते म्हणाले नाहीत.

पुढच्या शुक्रवारी मी वर गेले. मनात माफीची वाक्यं जुळवली होती. टेबलावर शमादानं होती, त्यात दोन मेणबत्त्या, आणि मधे स्टीलच्या वाटीत मेण पाडून उभी केलेली तिसरी.

"ही कशाला?" मी विचारलं.

"एखादा शुक्रवार चुकला तर पुढे जन्मभर एक जास्त लावायची, अशी काही ठिकाणी रीत आहे. काकू सांगायची. मुंबईला कुणा रब्बाईंकडून, आमच्या धर्मगुरूंकडून, ऐकलं होतं तिनं."

"चुकला कुठे? तुम्ही वेळेवर लावल्या होत्या. विझवली मी."

"लावली मी. राखली नाही."

"मग शिक्षा मला हवी. मी लावते तिसरी."

"तुला कशी लावता येईल?" काका अगदी साधेपणानं म्हणाले. "तुझी नव्हती ती."

त्यात राग नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं. मी खाली येऊन नवऱ्यावर, भांड्यांवर, सगळ्यांवर राग काढला. दौलतगंजातून मी एक पितळी शमादान विकत आणलं, तेही त्यांनी परत पाठवलं. म्हणाले, हिला वाटीच बरी. त्यानंतर पुढची दोन वर्षं, दर शुक्रवारी, त्यांनी तीन लावल्या. मी वर जायचं टाळायचे, पण जिन्यातून टेबल दिसायचं.

मागच्या पावसाळ्यानंतर काका गेले. ठाण्याहून पुतण्या आला. सगळं आवरताना त्यानं ती वाटी उचलली. तळाला मेणाचा थर होता. तो म्हणाला, "ताई, ही तुम्ही ठेवा. व्हिडिओ कॉलवर मी एकदा विचारलं होतं, काका, तीन कशा हो? तर म्हणाले, घरात माणूस वाढलं की मेणबत्ती वाढवतात. खालची मास्तरीण आहे ना, तिची."

सूर्यास्ताच्या एका मिनिटासाठी पेपरवाल्यांना शिव्या देणारा माणूस, माझं नाव खराब होऊ नये म्हणून आपल्या सख्ख्या पुतण्याशी खोटं बोलला होता. मी त्याला तिथंच खाली बसवलं आणि खरं काय ते सांगितलं, फुंकर मारल्यापर्यंत सगळं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण काका तुमच्यावर रागावले असतील ना?"

"नाही," मी म्हटलं, "त्याचाच तर मला राग आहे."